नवजात बालकांचे उपचार : पुराव्याची कसोटी

मुंबईच्या परळ भागात केईएम रुग्णालय, नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय या तीन संस्था एकमेकींच्या निकट उभ्या आहेत. पहिल्या दोन १९२६ साली सुरू झाल्या, तिसरी १९२९ साली. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्या येथे जन्मल्या व येथेच बऱ्या झाल्या. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु या रुग्णालयांची वर्दळ ओसरली नाही. आजही गिरगाव-दादरप्रमाणेच कोकणातून व घाटावरून नवजात बालके घेऊन कुटुंबे येथे येतात.

किलो-सव्वा किलो वजनाचे अर्भक काचेच्या पेटीत ठेवलेले असते आणि त्याचा पिता बाहेरच्या बाकावर बसून असतो. आतमध्ये डॉक्टरांना घटकेघटकेला निर्णय घ्यावे लागतात. प्राणवायू किती द्यावा, औषध कोणते द्यावे, बालकाला ऊब कशी द्यावी, दूध केव्हा सुरू करावे, यांपैकी प्रत्येक निर्णयावर एक जीव अवलंबून असतो. अशा वेळी ‘हा उपचार खरोखर गुणकारी आहे, हे कशावरून?’ असा प्रश्न विचारणे कोणास अप्रस्तुत वाटेल. वस्तुतः तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नवजात बालके व अत्यवस्थ रुग्ण यांच्या उपचारांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, सद्हेतूने व तर्काला धरून दिलेल्या उपचारांनी अनेकदा अपाय केला आहे, आणि साध्या, बिनखर्ची उपायांनी अनेकदा प्राण वाचविले आहेत. यांतील भेद केवळ तर्काने कळत नाही. त्यासाठी पद्धतशीर पुरावा लागतो. तो कसा गोळा होतो, कसा पारखला जातो आणि आपल्या गावापर्यंत येताना त्याचे काय होते, याची माहिती शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनाही असणे अगत्याचे आहे.

भायखळ्याच्या तुरुंगातील धडा

अशा पुराव्याची मुंबईतील परंपरा जुनी आहे. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी लस स्वेच्छेने टोचून घेतली आणि सुमारे पावणेदोनशे लसीवाचून राहिले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी केवळ दोघे आजारी पडले व मृत्यू एकही झाला नाही.

आकडे बोलके आहेत, तरीही चिकित्सक वाचकास येथे एक शंका यावयास हवी. ज्यांनी आपण होऊन लस घेतली, ते मुळातच अधिक सशक्त किंवा अधिक काळजी घेणारे नसतील कशावरून? फरक लसीमुळे पडला की माणसांमुळे? शिवाय बंदिवासातील माणसाची संमती कितपत खुली मानावी, हा नैतिक प्रश्न आज आपण अधिक कठोरपणे विचारतो. हाफकिन यांनाही तुलनेचे महत्त्व ठाऊक होते. पुढे १८९८ साली बडोद्याजवळील उंडेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचली. त्यामुळे एकाच घरातील, सारख्याच परिस्थितीतील माणसांची तुलना शक्य झाली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली व १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

‘सारख्याची सारख्याशी तुलना’ हेच आजच्या वैद्यकीय चाचण्यांचे मूलतत्त्व होय. आज ही तुलना यादृच्छिक पद्धतीने केली जाते. कोणत्या रुग्णास नवा उपचार मिळावा व कोणास प्रचलित उपचार मिळावा, हे डॉक्टरांच्या किंवा नातेवाइकांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. त्यामुळे दोन्ही गटांत अशक्त-सशक्त, गरीब-सधन, जवळचे-दूरचे असे सर्व प्रकारचे रुग्ण सारख्याच प्रमाणात येण्याची शक्यता असते. मग अखेरीस जो फरक दिसतो, तो उपचाराचाच आहे असे विश्वासाने म्हणता येते.

प्राणवायूने दिलेला इशारा

अशी चाचणी न करता उपचार रूढ झाल्यास काय घडते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण प्राणवायूचे आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना काचेच्या पेटीत मुक्तहस्ताने प्राणवायू देण्याची प्रथा पडली. बालक निळे पडू नये, त्याचा श्वास सुधारावा, हा हेतू स्पष्ट व स्तुत्य होता. परंतु १९४२ साली अशा बालकांमधील एका नव्या अंधत्वाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढील सुमारे बारा वर्षांत जगभरातील जवळजवळ १०,००० बालके त्याने अंध झाल्याचा अंदाज आहे. उत्तमोत्तम साधने असलेल्या रुग्णालयांतच हा विकार अधिक आढळे. अखेर १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून यादृच्छिक चाचणी केली आणि अतिरिक्त प्राणवायू हेच कारण असल्याचे सिद्ध झाले.

कथा येथेच संपत नाही. भीतीपोटी प्राणवायूवर सरसकट कडक मर्यादा घालण्यात आल्या, तेव्हा अंधत्व घटले. पण प्राणवायूअभावी मृत्यू वाढल्याचे नंतरच्या विश्लेषणांतून दिसून आले. २०१० नंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनीही हाच पेच दाखविला. रक्तातील प्राणवायूची पातळी थोडी खाली ठेवली, तर डोळे वाचतात परंतु मृत्यू वाढतात. अति तेथे माती हे खरे. परंतु ‘अति’ कोठे सुरू होते, हे मोजल्यावाचून कळत नाही.

या इतिहासाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बालकांचे विशेष काळजी कक्ष उभे राहिल्यामुळे पूर्वी न वाचणारी बालके आता वाचत आहेत. म्हणूनच जन्मतः २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत होणे आवश्यक आहे. घरी परतलेले बालक दिसावयास सुदृढ असले तरी ही तपासणी चुकवू नये.

परळमधील एक चाचणी

आता एक आशादायक उदाहरण पाहू. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांच्यापुढे अडचण होती. कमी वजनाची बालके पुष्कळ व काचेच्या पेट्या थोड्या! त्यांनी बालकास आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढविते, त्यावरून या पद्धतीस ‘कांगारू मदर केअर’ असे नाव पडले. ऊब, स्तनपान व आईचा सहवास ही तिन्ही एकाच वेळी मिळतात.

उपाय स्वस्त आहे म्हणून तो गुणकारी ठरत नाही, तसा तो गरिबांचा आहे म्हणून दुय्यमही ठरत नाही. केईएम रुग्णालयात डॉ. सुमन राव, डॉ. रेखा उदाणी व डॉ. रुची नानावटी यांनी याची रीतसर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २०६ बालकांचे यादृच्छिक पद्धतीने प्रत्येकी १०३ चे दोन गट करण्यात आले. एका गटास कांगारू पद्धतीने व दुसऱ्यास प्रचलित पद्धतीने सांभाळले. कांगारू गटातील बालकांचे वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमने वाढले, तर दुसऱ्या गटात ही वाढ साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास राहिली. अंग थंड पडणे, रक्तातील साखर उतरणे व जंतुसंसर्ग होणे या तिन्ही गोष्टी कांगारू गटात कमी आढळल्या. अभ्यासाच्या अखेरीस कांगारू गटातील ९८ टक्के बालके केवळ आईच्या दुधावर होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होते. घरी सोडण्याच्या कालावधीत मात्र फरक पडला नाही आणि संशोधकांनी तेही नमूद केले. जे घडले नाही तेही सांगणे, ही चांगल्या संशोधनाची खूण होय.

तथापि २०६ बालकांच्या अभ्यासावरून मृत्यू कमी होतात की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी ही संख्या अपुरी पडते. येथेच पद्धतशीर आढाव्याचे महत्त्व सुरू होते. परळमधील ही चाचणी इतर देशांतील चाचण्यांसमवेत एकत्र केली गेली. २०१६ च्या अशा एका आढाव्यात २१ अभ्यासांतील ३,०४२ बालकांची माहिती होती. त्यांपैकी ज्या आठ चाचण्यांतून रुग्णालयातील मृत्यूंचा हिशेब मिळाला, त्यांत प्रचलित पद्धतीच्या गटात मृत्यूचे प्रमाण ५.३ टक्के, तर कांगारू गटात ३.२ टक्के होते. पुढे २०२१ साली पाच देशांतील पाच रुग्णालयांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या छातीशी ठेवलेल्या बालकांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे दर २७ बालकांमागे एक प्राण वाचला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी नित्याची काळजी म्हणून सुचविली. परळच्या एका कक्षातील मातांनी दिलेला सहभाग असा जगाच्या उपयोगी पडला.

विखुरलेला पुरावा एकत्र करण्याचे शास्त्र

आढावा म्हणजे मिळतील ते चार लेख वाचून दिलेले मत नव्हे. त्याची पद्धत ठरलेली असते. प्रथम प्रश्न नेमका मांडावयाचा : कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम. नंतर त्या प्रश्नावरील सर्व चाचण्या शोधावयाच्या, मग त्यांचा निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल. प्रत्येक चाचणीत विभागणी प्रामाणिक होती काय, किती रुग्ण मध्येच गळाले, निकाल कोणी मोजले, हे तपासावयाचे. त्यानंतरच आकडे एकत्र करून, मोठ्या व काटेकोर अभ्यासास अधिक वजन देऊन निष्कर्ष काढावयाचा. शेवटी त्या निष्कर्षावर विश्वास किती ठेवावा, याची प्रतही सांगावयाची.

असे न केल्यास काय किंमत मोजावी लागते, हे पुढील उदाहरणावरून कळेल. मुदतपूर्व प्रसूती होण्याचा संभव असलेल्या मातेस स्टेरॉइड वर्गातील औषध टोचल्यास बालकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली चाचणीद्वारे दाखविले. पुढील वर्षांत आणखी चाचण्या झाल्या. एकेकट्या त्या लहान असल्याने काहींचा निकाल संदिग्ध वाटे. सर्व एकत्र मांडल्यावर मात्र लाभ स्पष्ट दिसला. परंतु ही मांडणी प्रसिद्ध होईपर्यंत १९८९-९० साल उजाडले आणि मधल्या काळात अनेक प्रसूतितज्ज्ञांनी हे औषध वापरलेच नाही. त्यामुळे हजारो बालके निष्कारण दगावली असावीत, असा जाणकारांचा अभिप्राय आहे. पुरावा उपलब्ध होता, परंतु तो विखुरलेला होता. १९९३ साली ऑक्सफर्ड येथे डॉ. इयान चाल्मर्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने याच चाचण्यांचा आलेख आपल्या बोधचिन्हात घेतला. ते चिन्ह एका अर्थी त्या बालकांचे स्मारकच आहे.

प्रदेश बदलला की प्रश्नही बदलतो

एवढ्यावरून असे वाटेल की परदेशांतील आढावे वाचावेत व तसेच्या तसे अमलात आणावेत. मुंबईतच झालेल्या एका अभ्यासाने ही समजूत दूर केली.

जन्मताना श्वास कोंडल्यामुळे ज्या बालकांच्या मेंदूस इजा पोहोचते, त्यांचे शरीर तीन दिवस ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याचा एक उपचार आहे. श्रीमंत देशांतील चाचण्यांत त्याने मृत्यू व अपंगत्व घटल्याचे दिसले. २०१३ च्या आढाव्यात अशा ११ चाचण्या व १,५०५ बालके होती आणि निष्कर्ष निःसंदिग्ध होता. साहजिकच आपल्या देशातही हा उपचार काही ठिकाणी दिला जाऊ लागला. तो येथेही तितकाच लाभदायक आहे काय, हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या नवजात अतिदक्षता विभागांत २०१५ ते २०१९ या काळात ‘हेलिक्स’ नावाची चाचणी झाली. दादरच्या उत्तरेस असलेले शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय त्यांपैकी एक होते.

एकूण ४०८ बालकांपैकी २०२ बालकांना थंड ठेवण्यात आले आणि २०६ बालकांना नेहमीची ऊबदार शुश्रूषा मिळाली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा मध्यम ते तीव्र अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण थंड ठेवलेल्या गटात ५० टक्के व दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. म्हणजे लाभ दिसला नाही. केवळ मृत्यू पाहिले तर थंड ठेवलेल्या गटात ८४ व दुसऱ्या गटात ६३, म्हणजे ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के! जो उपचार इतरत्र जीव वाचवितो, त्याने येथे मृत्यू वाढल्याचे दिसून आले.

या निष्कर्षावर वैद्यकीय वर्तुळात बराच ऊहापोह झाला आणि तो व्हावयासही हवा होता. भारतातीलच काही लहान अभ्यासांत थंड ठेवण्याचे लाभ दिसले होते. आपल्याकडील बालकांत मेंदूची इजा प्रसूतीच्या पुष्कळ आधी सुरू झालेली असावी, त्यामुळे जन्मानंतर थंडावा देऊन उपयोग होत नसावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. कारण कोणतेही असो, एक गोष्ट निश्चित झाली. ज्या मातापित्यांनी अत्यंत कठीण घटकेला या अभ्यासास संमती दिली, त्यांच्यामुळे पुढील बालकांसाठी अंदाजाच्या जागी मोजमाप आले. तशी चाचणी झाली नसती, तर दगावलेल्या प्रत्येक बालकाबद्दल ‘इजाच मोठी होती’ असे समजून हा उपचार विनाशंका पसरत राहिला असता.

गर्भवतीस देण्याच्या स्टेरॉइडचेही असेच झाले. सहा देशांतील ग्रामीण व निमशहरी भागांत हे औषध गावपातळीपर्यंत पोहोचविण्याची एक मोठी चाचणी झाली. त्यांत नागपूर व बेळगाव ही केंद्रे होती. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. लहान बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू दर हजारी २३.९ ऐवजी २७.४ इतके नोंदले गेले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका अधिक आढळली. यानंतर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील चाचणीत हे औषध सुसज्ज रुग्णालयांत, गर्भाचे दिवस नीट ठरवून दिले गेले. तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, मात्र दिवसांची खात्री व जन्मानंतरची शुश्रूषा निराळी. म्हणून ‘औषध चांगले की वाईट’ असा प्रश्न अपुरा आहे. कोणास, केव्हा व कोठे, हे त्यास जोडूनच विचारावे लागते.

विंचूदंश : महाड व परळ

हेच तत्त्व मोठ्या वयाच्या अत्यवस्थ रुग्णांनाही लागू पडते आणि येथे पुन्हा परळचे नाव येते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदय व फुप्फुसे यांवर आघात होऊन लहान मुले दगावत. महाड येथे रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग सुरू केला आणि मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. परळच्या हाफकिन जैव-औषध निर्माण महामंडळाने लाल विंचवावरील प्रतिविष तयार केल्यावर ते प्राझोसिनला जोडून द्यावे काय, हा प्रश्न निर्माण झाला. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या १९९९ च्या चाचणीत तेथील विंचवाच्या प्रतिविषाचा सरसकट वापर निरुपयोगी ठरला होता. तो निष्कर्ष आपल्याकडे लागू करून प्रतिविष बाजूस सारता आले असते.

तसे न करता डॉ. बावस्कर दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांची यादृच्छिक चाचणी केली. २०११ साली तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले; केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. मृत्यू कोणत्याही गटात झाला नाही. विंचवाची जात निराळी, विष निराळे, म्हणून उत्तरही निराळे आले. तालुक्याच्या गावी राहूनही जागतिक दर्जाचा पुरावा उभा करता येतो, हेही यातून सिद्ध झाले.

कोविडच्या साथीत या शिस्तीची गरज सर्वांनीच अनुभवली. बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव मिळविण्यासाठी २०२० साली नातेवाइकांची धावपळ चाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. आजार बळावणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण रक्तद्रव मिळालेल्या गटात १९ टक्के व न मिळालेल्या गटात १८ टक्के आढळले. मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. याउलट, डेक्सामेथासोन या अल्पमोली औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणल्याचे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत २०२० साली दिसले. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

गावापर्यंतचा पुरावा

पुराव्याची कसोटी केवळ मोठ्या रुग्णालयांसाठी आहे, असे समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया बालकाचे वजन घेत, त्यास ऊब देण्यास शिकवीत आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविक देत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. येथे गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा होय. म्हणूनच महाराष्ट्रातील इतर सात ठिकाणी तो पुन्हा करून पाहण्यात आला आणि तेथेही मृत्यू घटले. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींद्वारे ही काळजी देशभर सुरू झाली. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ११ होता व देशाचा २०. या प्रगतीस अनेक गोष्टी कारणीभूत आहेत. परंतु उरलेले मृत्यू कमी करण्यासाठी यंत्रांइतकीच सिद्ध झालेल्या उपायांची काटेकोर अंमलबजावणी आवश्यक आहे.

आपले कर्तव्य

पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी वैद्यकीय निर्णय घ्यावयाचे नाहीत. परंतु साधने कोणती घ्यावीत, निधी कोठे खर्चावा, लोकांना काय सांगावे, हे निर्णय त्यांच्याच हाती असतात. अशा वेळी चार प्रश्न विचारावेत. या उपायाची तुलना कशाशी केली गेली? सर्व अभ्यास एकत्र पाहिले आहेत की सोयीचा एकच पुढे केला आहे? ते अभ्यास आपल्यासारख्या रुग्णांवर व आपल्यासारख्या परिस्थितीत झाले आहेत काय? आणि लाभाबरोबर अपायही मोजले गेले आहेत काय? एखादे यंत्र देणगी म्हणून मिळत असले, तरीही हे प्रश्न टळत नाहीत.

जे सिद्ध झाले आहे, ते मात्र प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे आशा कार्यकर्तीच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी होतात की नाही, हे ग्रामसभेत विचारता येईल; घरी जन्मलेल्या बालकासाठी पहिल्या दिवसाची भेटही त्यात मिळवावी. कमी वजनाच्या बालकास छातीशी धरणाऱ्या मातेस घरकामातून सवड मिळते काय, पिता किंवा आजी तिचा भार वाटून घेतात काय, हे शिक्षकांना पालकसभेत समजावून सांगता येईल. गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत दिवसांची अचूक नोंद झाली, तर पुढे कोणते औषध केव्हा द्यावे याचा निर्णय सुकर होतो.

एखाद्या कुटुंबास चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर घाबरून नकार देऊ नये आणि संकोचाने होकारही देऊ नये. हेतू, धोके व नकाराचा हक्क मातृभाषेत समजावून घ्यावा. नकार दिल्याने नेहमीचा उपचार थांबत नाही. २००९ पासून आपल्या देशात चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची सार्वजनिक नोंदवहीत नोंद करणे सक्तीचे आहे, त्यामुळे प्रतिकूल निष्कर्ष दडपणे अवघड झाले आहे.

परळच्या त्या बाकावर बसलेल्या पित्यास यादृच्छिक विभागणी किंवा आढावा हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याची अपेक्षा एवढीच असते की, आपल्या बाळासाठी जे केले जात आहे ते योग्य असावे. ती अपेक्षा पुरी करावयाची, तर आतल्या डॉक्टरांच्या हाती आधीच्या बालकांपासून मिळालेले ज्ञान संपूर्ण, पारखलेले आणि आपल्या मातीत तपासलेले असे आले पाहिजे.